खापरापासून लांब

आमच्या अक्काला मांडे करताना ज्याने पाहिलं नाही, त्याला तिच्या हाताचं काय गेलं ते कळायचं नाही. म्हणून आधी मांड्यांचं सांगते.

चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, खाली लाकडं. सैल कणकेचा गोळा, पोटात पुरण. तो पोळपाटावर थोडासा लाटायचा आणि उचलून हातावर घ्यायचा. तिथून पुढे लाटण्याचं काम नाही. या हातावरून त्या हातावर, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत तो फिरत जातो, फिरता फिरता वाढतो, आणि शेवटी दोन्ही हातांवर पदरासारखा लोंबतो. मग एका झटक्यात खापरावर. अक्काच्या मांड्यातून पलीकडचा जाळ दिसायचा, आणि तरी कुठे भोक म्हणून नसायचं. माझा मांडा हा गल्लीत चेष्टेचा विषय आहे. "कोकिळाना मांडा म्हंजे चाळनी शे," असं खुद्द अक्का भरल्या मांडवात सांगायची आणि वर माझ्याकडे बघून हसायची.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, द्रौपदाबाई. चाळीसगावपासून जवळच आमचं गाव आहे, आणि आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा हळदीच्या अंगानेच तिने मला चुलीपुढे बसवलं. कणीक पुढे सरकवली आणि म्हणाली, "दखाड बरं, कशी मळस." मी मळली. ती बघत राहिली, मग काही न बोलता परात ओढून घेतली आणि परत पहिल्यापासून मळली. तेव्हापासून आमचं हे असं आहे. तिचं मला सगळं येतं असं तिला वाटत नाही आणि तिचं सगळं सहन करावं असं मला वाटत नाही. पण गावात दुसऱ्या कुणी तिच्याबद्दल वाकडं बोललं तर मी भांडायला जाते.

तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत लव नव्हती. जाळाने कधीचीच गेली होती. आजूबाजूच्या गावांत लग्न असो, जावयाचं पहिलं जेवण असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, खापर अक्काने लावायचं असं ठरलेलं. ती आली की बाकीच्या बायका आपोआप पुरण वाटायला बसायच्या. तिथे ती जेवढी मोठी असायची, तेवढी घरात नसायची. घरात ती भाईदास भाऊंची बायको होती. खापरापुढे मात्र भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन उभे असायचे आणि तिने मागितला तरच पुढे करायचे.

तिच्या छातीत गाठ निघाली. दुखत नाही म्हणून कापूस वेचून होईपर्यंत तिने ती लपवली. कळलं तेव्हा भाऊंनी तिला धुळ्याला नेलं. ऑपरेशन झालं, डावी छाती काढली, त्याच बाजूच्या काखेतल्या गाठीही काढल्या. पुढे सलाईनमधून औषधं दिली. केस गेले. परत आले ते कुरळे आले, तर ती आरशात बघून म्हणाली की आता नव्या नवरीसारखं नटायला हरकत नाही. गेली एकदाची ब्याद, असं आम्ही सगळे समजून चाललो.

दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी भाऊंना डाव्या हाताबद्दल बरंच सांगितलं म्हणे. पण भाऊंचं सगळं लक्ष चाळीसगावची गाडी मिळते की नाही याकडे. घरी आल्यावर मी विचारलं, काय काय सांगितलं? भाऊ आठवत राहिले आणि म्हणाले, "त्या हातले सुई नको, आसं सांगं." एवढंच आलं गावापर्यंत. बाकीचं धुळे स्टेशनवर राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात अक्काच्या पोलक्याची डावी बाही घट्ट झाली. शिंप्याने कापड आटलं असेल म्हणून सांगितलं. मग अंगठी निघेना. संध्याकाळी हात जड व्हायचा, सकाळी जरा उतरायचा, आणि पुढे पुढे सकाळीही उतरेना. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. दुखत फारसं नव्हतं, त्यामुळे तिची तक्रारही फारशी नव्हती. मीठ बंद कर, एकीने सांगितलं. वारं बसलं, दुसरीने सांगितलं. गावातल्या डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिची झोपमोड झाली, सूज होती तिथेच राहिली. आणि समोरच्या मंदाबाईने सांगितलं, शेक दे.

शेक म्हटल्यावर अक्काला पटलं. आमच्याकडे गुडघा असो, कंबर असो, की गाईची कास, सूज आली की शेकायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. शिवाय तिने स्वतःच एक कारण शोधून काढलं होतं.

"हाऊ हात जलमभर आगवर ऱ्हायना," ती म्हणाली. "आजारपनमा चूलपासून लांब ठेवा ना, म्हनीसन थंडाई गया."

जन्मभर आगीवर राहिलेला हात चुलीपासून लांब राहून थंड पडला, हे तिने इतक्या खात्रीने सांगितलं की मलाही ते खरं वाटलं. का वाटू नये? ऑपरेशन झाल्यापासून ती खापरापुढे बसली नव्हती, आणि त्यानंतरच हात फुगला होता.

माघात दिपमालाचं लग्न निघालं. दिपमाला ही अक्काची एकुलती एक मुलगी. मुलगा शिरपूरचा, तिथे एका कॉलेजात नोकरीला, चांगलं घर. अक्काने जाहीर केलं की मांडे मी करणार. मी म्हटलं, आचारी सांगितलाय ना? तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्र बोलले.

"मनी आंडेरना लगीनमा आचारीना मांडा?"

तिने सूज वर चढू नये म्हणून डाव्या कोपराच्या वर फडकं करकचून बांधलं आणि खापरापुढे बसली. सुरुवातीला डावा हात उचलताना तोंड आवळत होती. मग जाळाची धग लागली, घाम सुटला, आणि ती म्हणाली की हात हलका वाटतोय. मला म्हणाली, बघ, मी सांगितलं होतं. मांडे पूर्वीसारखेच उतरत होते. शिरपूरच्या बायका उठून चुलीजवळ येऊन बघत होत्या. दिपमाला नवरीच्या वेशात दारात येऊन उभी राहिली, तिला हाकलून आत पाठवावं लागलं. त्या दिवशी अक्का इतकी आनंदात होती की मला तिचा हेवा वाटला, हे मी सांगून टाकते.

मुलगी सासरी गेली आणि दुसऱ्या दिवशी अक्काला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत लालबुंद झाला होता. मी हात लावून पाहिला तर उतरवलेल्या खापरासारखा तापलेला. चाळीसगावच्या दवाखान्यात कंपाउंडर सलाईन लावायला नेमका तोच हात धरायला लागला. अक्का तापात बरळत होती, पण तेवढं मात्र नीट म्हणाली, "ह्या हातले सुई नको." धुळ्याचं तेवढं एकच वाक्य आमच्याजवळ होतं आणि ते तिने सांभाळून ठेवलं होतं.

मनगट इतकं सुजलं होतं की बांगड्या मांसात रुतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काढाव्या लागतील. त्या निघण्यासारख्या राहिल्याच नव्हत्या. नवरा शेजारी धडधाकट उभा असताना बाईच्या हातातल्या बांगड्या वाढवायच्या, हे अक्काला त्या तापातही सहन होईना. ती हात मागे ओढायला लागली. भाऊंनी तिचा उजवा हात धरला आणि म्हणाले, "मी आठे शे ना." नर्सने एकेक बांगडी कापली. भाऊंनी खाली वाकून तुकडे गोळा केले आणि खिशात ठेवले.

ताप उतरल्यावर आम्ही तिघं धुळ्याला गेलो. या वेळी मी हट्टाने गेले. मी अंगणवाडीत मुलांना शिकवते, निदान ऐकलेलं लक्षात तरी ठेवीन, असा माझा हिशोब. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या पुनम मॅडम होत्या, वयाने दिपमालाएवढ्याच. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला बसवून सगळं समजावून सांगितलं.

शरीरात रक्ताशिवाय आणखी एक पाणी फिरत असतं. त्याच्या नळ्या वेगळ्या, केसासारख्या बारीक. हाताचं पाणी काखेतल्या गाठींमधून गाळून परत रक्तात जातं. कॅन्सर तिथपर्यंत पोचलेला असू शकतो म्हणून त्या गाठी काढाव्या लागल्या. आता हातातलं पाणी वर जायला वाट अपुरी पडते, म्हणून ते तिथेच साठतं. असं सगळ्यांचं होत नाही, पण बऱ्याच बायकांचं होतं, कुणाचं लगेच, कुणाचं वर्षांनी. अक्काने काही पाप केलेलं नाही आणि हात थंडही पडलेला नाही.

भाऊंना ते शेतातल्या पाण्यासारखं लगेच कळलं. "म्हणजे चारीचं तोंड बुजलं," ते म्हणाले.

"तसंच समजा," मॅडम म्हणाल्या.

"मग मोकळं करा ना."

मॅडमनी मान हलवली. "त्याला औषध नाही, काका. मोठ्या शहरांत काही ठिकाणी बारीक नळ्या जोडायचं ऑपरेशन करतात. पण ते सगळ्यांना चालत नाही आणि गुण येईलच असंही नाही."

भाऊ म्हणजे चारी बुजली की फावडं घेऊन निघणारा माणूस. फावडं कुठे मारायचं ते इथे त्यांना कुणी दाखवेना.

"बरा कधी होई?" अक्काने विचारलं.

"पूर्ण बरा नाही होणार, मावशी. सांभाळायचा आहे. सांभाळला तर सूज कमी राहील."

मग सांभाळायचं म्हणजे काय ते सांगितलं. बोटांपासून वर खांद्याकडे पट्ट्या बांधायच्या, बोटांकडे घट्ट आणि वर जाताना सैल. सूज उतरली की मापाची घट्ट बाही घालायची. हलका व्यायाम, हलकी मालिश. कातडी स्वच्छ ठेवायची, तेल लावायचं, नखाचा ओरखडाही लागू द्यायचा नाही. कारण त्या साठलेल्या पाण्यात जंतू फार लवकर वाढतात. लग्नानंतर आला तो ताप त्यातलाच. आणि असा प्रत्येक ताप उरलेल्या वाटा आणखी बुजवतो. दोन-चार वेळा आला तर हात लाकडासारखा कडक होईल, मग पट्टीनेही उतरणार नाही.

"आणि शेक अजिबात नको," मॅडम म्हणाल्या. "उष्णतेने पाणी वाढतं. चुलीपुढे बसणं बंद."

"खापर?" अक्काने विचारलं.

मॅडमना खापर माहीत होतं. खानदेशातल्याच होत्या. त्या म्हणाल्या, "खापर तर नाहीच."

गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत बसली. मी तिला हसवावं म्हणून म्हटलं, चला, आता गावाला माझी चाळणीच खावी लागणार. ती हसली नाही.

सांभाळणं सुरू झालं. मालिशचं तर तिला हसूच यायचं. मॅडमनी मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायला सांगितलं होतं. रगडून घ्यायची सवय असलेली बाई ती. "हाई मालिश शे का? माशी हाकलस का मनी?" असं म्हणायची. पट्ट्या बांधायचं काम भाऊंनी घेतलं. कडब्याच्या पेंढ्या बांधलेले हात, सुरुवातीला इतकं आवळायचे की बोटं काळी पडायची. मग मी शिकवलं, मग मी चुकले की त्यांनी मला शिकवलं. माणूस बदलला हो. बायकोचा हात मांडीवर घेऊन ओट्यावर बसायचे, येणारे-जाणारे बघायचे, आणि भाऊ पट्टीवरची नजर काढायचे नाहीत.

फाल्गुनात सूज खरंच उतरली. मनगटाचं हाड परत दिसलं. आम्ही तिघांनी ते बोट लावून लावून पाहिलं. मग चैत्र लागला. जळगाव-धुळ्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. लोक अंगावर ओलं फडकं घेऊन पडतात, आणि या बाईने बोटांपासून खांद्यापर्यंत कापूस आणि त्यावर तीन थरांच्या पट्ट्या घालून बसायचं. आतून घाम, खाज, पुरळ. पट्टी ठेवली तर कातडी फुटते आणि काढली तर हात फुगतो. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, थंड खोलीत बसवा. आमच्याकडे थंड खोली कुठली? कूलरपुढे बसवलं तर वीज जाते. मी मॅडमवर चिडले, मग मला वाईट वाटलं. त्यांचं तरी काय चुकलं? चिडायला समोर कुणी नव्हतं, हाच तर सगळा त्रास होता.

आणि आखाजी आली. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि दिपमालाची तर ही पहिली आखाजी. दोन दिवस आधी कासारीण आली. सगळ्या जणींनी बांगड्या भरल्या. अक्काने उजवा हात पुढे केला. कासारणीने भरल्या आणि सवयीने दुसऱ्या हातासाठी वर पाहिलं. अक्काने डावा पदराखाली घेतला आणि म्हणाली, "बस, झायं."

आखाजीला घागर भरायची, पूर्वजांना ताट ठेवायचं, म्हणजे मांडे हवेतच. दिपमालाने येतानाच सांगितलं होतं, मला माझ्या मायच्या हातचा मांडा खायचाय. मग तिने पट्ट्यांमधला हात पाहिला आणि परत तो विषय काढला नाही. खापर मी लावलं. अक्काला आम्ही चुलीपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर बसवलं.

माझा पहिला मांडा कोपरावरच फाटला. दुसरा खापरावर पडताना दुमडला. अक्का तिथून सांगत होती, मनगट ढिलं सोड, बोटं मिटू नको, कोपर वर घे. मी म्हटलं, अक्का, सांगून येत असतं तर कधीच आलं असतं. तिसरा हातावर वाढत होता तेव्हा माझी नजर सहज तिच्याकडे गेली. ती स्टुलावर बसल्या बसल्या दोन्ही हात फिरवत होती. उजवा नीट फिरत होता. पट्टीतला डावा तेवढा वर येत नव्हता. तेवढ्यात माझा मांडा मधोमध फाटून चुलीच्या कडेला पडला.

अक्का उठली. मोरीत जाऊन उजवा हात धुतला आणि दाताने डाव्या हाताच्या पट्टीचं टोक सोडायला लागली. "सरक," मला म्हणाली. "एकच करस. फक्त पोरना पुरता."

भाऊ दारात उभे होते. त्यांना तिला अडवता येईना, कारण ती खरी मोठी असते ती खापरापुढेच, हे त्यांना माहीत होतं. मीही परात सोडली नाही आणि सरकलेही नाही. दिपमालाच मध्ये येऊन उभी राहिली. तिने आईच्या तोंडातून पट्टी सोडवली आणि परत गुंडाळायला लागली.

"माय, माले मांडा नको," ती म्हणाली. "माले तुना हात पाहिजे."

अक्का परत जाऊन स्टुलावर बसली. त्यानंतर तिने मला काहीच शिकवलं नाही. मी केले ते तुकडे तुकडे झालेले मांडे दिपमालाने आमरसात बुडवून खाल्ले आणि चांगले झालेत म्हणाली. घागरीपुढच्या ताटातही तेच ठेवले. आमच्या गेलेल्या सासूबाई वर बसून काय म्हणाल्या असतील ते देवाला ठाऊक. अक्का भात खाऊन उठली.

मला वाईट वाटत होतं आणि तरी बरंही वाटत होतं. हात वाचला. एक सण गेला, पण हात वाचला.

दिपमाला सासरी परतली त्या दिवशी दुपारी अक्का म्हणाली, मला थंडी वाजतेय. बाहेर ऊन तापलेलं आणि ती गोधडी मागत होती. मी पट्टी सोडली. कोपराच्या आत लाल चट्टा उठला होता आणि बघता बघता वर सरकत होता. पुनम मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी सगळा हात बोटाबोटाने तपासला. चटका नाही, ओरखडा नाही, डास चावल्याची खूण नाही. भाऊंनी चष्मा लावून परत तपासला. त्यांनाही काही सापडलं नाही. धुळ्याला डॉक्टरांनी औषध सुरू केलं. मी त्यांना विचारलं, झालं कशामुळे? ती जाळाजवळही गेली नव्हती. ते म्हणाले, कधी कधी काही कारण सापडत नाही. काळजी घेऊनही येतो हा ताप.

ते हळू बोलले होते, पण अक्का कॉटवर जागी होती. डोळे मिटलेले, तोंड भिंतीकडे. डॉक्टर गेल्यावर तिने डोळे उघडले.

"कोकिळा," ती म्हणाली, "आसंच व्हनार व्हतं, मंग पोरले मांडा तरी करी देती."

मी उशी सरकवली आणि तिचा हात उचलून उशीवर ठेवला. हात उंच ठेवायचा, असं आम्हाला शिकवलेलं होतं.